राशीवरची राखेची रेघ

बोदलकसा, ता. तिरोडा
१९ नोव्हेंबर २००६

माझ्या रचनाले आजीचा जयभीम आणि गालावरून हात.

तुझा कॉम्प्युटर पोहोचला. मोडला नाही, घाबरू नको. तिरोड्याहून बिसरामच्या टेम्पोत, धानाच्या पोत्यांच्या मधात बसून आला. खोका उघडला तर अर्धा थर्माकोलनंच भरलेला. तुझ्या मायनं ते थर्माकोल उचलून ठेवलं, कामी पडते म्हणे. कोणत्या कामी, ते तिलेही माहीत नाही.

पत्र मीच लिहून राहिली. चौथीची शाळा एवढ्याले पुरते. अडलं की खुशबूले विचारते. तुझी बहीण आता फणकारी झाली आहे. म्हणते, "आजी, तू बोलते तसंच लिहिते." मंग कसं लिहू, दुसऱ्याचं बोलणं मले येते का.

आता तुझ्या बापाचं. खोका पाहून विचारते, "कोणी पाठवलं?" तुझी माय चुलीकडे पाहते, खुशबू माझ्याकडे. मी म्हटली, "जिचं नाव तू घेत नाही, तिनं." खेमराज म्हणते, "ठेवा कोठीच्या खोलीत. मी त्याले हात लावणार नाही." आणि बैलाले पाणी पाजाले गेला. बैलानं आधीच पाणी पिलं होतं.

तू डी.एड. सोडून इंजिनीअर झाली आणि बंगलोरच्या गाडीत बसली, त्याले दोन वर्षं होऊन राहिली. तेव्हा तो स्टेशनवर आला नाही, आणि अजूनही घरात तुले 'ते' म्हणते. 'ते' काय खाते तिकडे, 'त्याले' ताप होता का. मी त्याची माय आहे, मले समजते. नाव जिभेवर आहे, फक्त दात बंद आहेत. पण पोरी, माझं वय पाहून घे. हे दात माझ्या डोळ्यांदेखत उघडले पाहिजेत, एवढंच माझं मागणं आहे. बाकी मले काही नको. हां, बंगलोरले बिनबाह्यांचं स्वेटर भेटत असेल तर.

तुझी माय बिसरामच्या बूथवरून तुझ्याशी बोलते, हे मले माहीत नाही असंच समज.

लोक विचारतात नात काय करते. तू मागच्या पत्रात लिहिलं ते मी वाचून वाचून पाठ केलं आणि सांगते, माझी नात कॉम्प्युटरच्या पोटात धुरे घालते, शेताले बांध घालतात तसे. कॉम्प्युटरच्या आठवणीची जागा म्हणजे एक मोठं शेत. प्रत्येक कामाले त्याची त्याची बांधी, वेगळा तुकडा. याचं पाणी त्याच्या बांधीत जाऊ द्यायचं नाही. धुऱ्याले तोंड पाडायचं असेल तर मधात जो मोठा बसला आहे त्यालेच विचारावं लागते, आपल्या मनानं कोणी फावडं मारलं तर त्याचं कामच बंद. हे मी शेजारच्या निर्मलाबाईले सांगितलं. ती म्हणते, "असं आपल्या गावात असतं तर माझ्या नवऱ्याचं अर्धं भांडण मिटलं असतं."

पण एक समजलं नाही. चोर म्हणते तू, तो चोर कोण? ज्या घराचं त्यानं तोंड पाहिलं नाही, त्याचं तो वाईट काऊन करते? आणि तिथून काय नेते?

तुझी आजी,
पार्वता


बोदलकसा
१० डिसेंबर २००६

रचना बेटा, तुझं पत्र भेटलं, स्वेटर भेटलं. स्वेटर घालूनच लिहून राहिली. तलावावर बदकं उतरली आहेत, थंडी बरी आहे.

तुझं उत्तर वाचून मी डोक्यालेच हात लावला. म्हणे चोर नेत नाही, आणून टाकते. असला कसा चोर बाप्पा. खुशबूकडून मी ते चारदा वाचून घेतलं, आता मले येते. पाहा बरोबर आहे का. एका टोपलीची जागा आहे. चोर म्हणते, घ्या माझं धान, आणि तीन टोपल्या ओतते. जास्तीचं बाजूले सांडते. बाजूले कॉम्प्युटरनं स्वतःसाठी लिहून ठेवलं असते, की हे काम झालं का आता कुठं जायचं. ते धानाखाली बुजते आणि त्याच जागी चोराची चिठ्ठी येऊन पडते, 'आता माझ्याकडे ये, मी सांगतो ते कर.' कॉम्प्युटर भोळा, जाते. आणि धानात लपवून आणलेलं चोराचंच काम करत बसते.

याच्यावर तुम्ही लोक काय करता ते तर मले फारच आवडलं. एक म्हणजे, जिथं माल ठेवायचा तिथं फक्त ठेवायचा, तिथं त्याले काम करू द्यायचं नाही. हे मले लवकर समजलं. त्या वर्षी कौल फुटून कोठीत पाणी गेलं होतं, आठवते का? हात घातला तर आतमध्ये हिरवे कोंब. तू टाळ्या वाजवल्या, कोठीत शेत झालं म्हणून, आणि तुझी माय रडत होती. बांधीत उगवावं, कोठीत नाही.

दुसरं म्हणजे, कॉम्प्युटर चालू केला की दर वेळेस जागा बदलून ठेवायच्या, म्हणजे चोराले माहीतच होत नाही काय कुठं आहे. हे करून राहिलो म्हणते तुम्ही आता. मी तर माझ्या दाताले लावायच्या तंबाखूचं, गुडाखूच्या डबीचं, हेच करते. आज फळीमागे, उद्या सुपात. तुझा बाप ते फेकून द्यायले शोधते, भेटतच नाही त्याले. कधी कधी मलेही भेटत नाही. तुमच्या कॉम्प्युटरले भेटते ना?

आणि तिसरं. तू लिहिलं, मालाच्या आणि त्या लिहून ठेवलेल्याच्या मधात आम्ही एक खूण ठेवतो. काम झालं की पहिले खूण पाहतो. मोडली असेल तर समजतो की काही सांडलं आहे, आणि तिथंच थांबतो, पुढं पाऊल टाकत नाही.

अवो, ही तर आपल्या राशीवरची रेघ झाली.

खळ्यावर धान उपणून झालं, रास लागली, की माप होईपर्यंत तिच्यावर राखेची रेघ ओढायची. पहिले तिले लक्ष्मीची रेघ म्हणत, आता आपण राखेची रेघच म्हणतो, काम तेच करते. ओंजळभर धान जरी कोणी हलवलं तरी रेघ मोडते. तुझ्या आज्याच्या खळ्यावर ती तूच ओढायची. दर वर्षी वेगळी नक्षी, एकदा मासा, एकदा चप्पल, आणि कोणाले सांगायची नाही, म्हणजे चोराले परत तशीच काढता येत नाही. आणि कायदा असा, की रेघ मोडलेली दिसली तर माप थांबते. मोजणारा, गाडीवाला, सारे बसून राहतात. जिनं रेघ ओढली तिले हाक मारायची. तिनं येऊन पाहायचं कोंबडी गेली का माणूस गेला, आणि तिनं म्हटलं की मगच माप. एकदा तू शाळेत होती तर तुझा बापच तुले सायकलवर आणाले गेला होता. तू नऊवारी नेसलेल्या बाईसारखी कमरेवर हात ठेवून आली आणि म्हटलं, "कोंबडी." सारे हसले. खेमराज सर्वांत जास्त.

मी हे सारं जेवताना मोठ्यानं सांगितलं. त्यानं भात कालवायचं थांबवलं, मंग परत कालवला.

आता खबर. यंदा आपल्या गावच्या नाटकाचं लिखाण त्याच्याकडेच आहे, दर वर्षीसारखं. अक्षर त्याचं असं की नट लोक एकमेकांले विचारतात हे 'पाणी' आहे का 'राणी'. तर खुशबू एक दिवस म्हणाली, "बाबा, मी टाईप करून देते." तेव्हापासून कॉम्प्युटर कोठीच्या खोलीतून ओसरीत आला आहे. ती टाईप करते, तो मागे उभा राहून सांगते. हात लावत नाही, बोललेला शब्द मोडला नाही त्यानं. बोटानं दाखवते फक्त. काल बोट काचेले लागलं, तर धोतरानं पुसून घेतलं. काच पुसली, बोट नाही.

तुझी आजी


बोदलकसा
३ जानेवारी २००७

रचना बेटा,

फोनवर तू तिकडून ऐकलं, पण इकडचं तुले काही दिसलं नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

नाटक टाईप झालं होतं. तुझा बाप ते पेन ड्राइव्हमध्ये घेऊन गोंदियाले चुन्नीलालच्या दुकानात गेला. त्यानं शुद्धलेखन नीट केलं, पहिल्या पानावर फुलंपानं काढली, आणि तेच परत दिलं, की घरी एकदा पाहून घ्या, मंग छापतो. घरी आणून खुशबूनं लावलं. नाटकावर टिचकी मारली की कॉम्प्युटर ते उघडल्यासारखं करे आणि बंद. वर एक चौकट. खुशबूनं वाचून दाखवलं, 'कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेसाठी हे काम बंद केलं आहे.'

"सुरक्षिततेसाठी?" खेमराज म्हणते. "माझ्याच नाटकापासून?"

परत लावलं, परत तेच. लाईन गेली, आली, परत तेच. मंग तो म्हणते, "माहीत होतं मले. ते घरात नसूनही माझं काम बंद करून राहिलं." खुशबूले हसू आलं, तिनं बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी चुन्नीलाल मोटारसायकलनं आला. मोठा गोड माणूस, मले अम्मा म्हणते. पाहून म्हणे, "अम्मा, मेरे यहाँ तो मक्खन जैसा खुलता है. आपकी मशीन डरपोक है. ये पहरा बंद कर देते हैं, फिर देखो." खेमराज म्हणते करा बंद, नट लोक बसून आहेत, तालीम अडली आहे, मंडप सांगून झाला आहे.

मी तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि जाऊन त्या खुर्चीवर बसली. चाकाची खुर्ची, मागे सरकली, पण मी धरून बसली.

"माय, उठ," तुझा बाप म्हणते.

"रेघ मोडली आहे, खेमराज. रेघ मोडल्यावर माप करते का कोणी?"

"हा कॉम्प्युटर आहे. रास नाही."

"खळ्यावरचा कायदा तुझ्या बापाचा आहे, माझा नाही. जिनं रेघ ओढली तिले हाक मार. ती सांगेल कोंबडी आहे का चोर आहे."

चुन्नीलाल म्हणते, "किसको बुलाना है? मैं बुला देता हूँ."

"तुझ्याच्यानं नाही होत बेटा. तू चहा पी."

खरं सांगू का. कॉम्प्युटरचं मले काय समजते. चुन्नीलाल म्हणत होता तेच बरोबर असेल, असंही एकदा मनात आलं. मले एवढंच समजलं, की याले हाक मारायले एक जागा भेटली आहे, ती आपण सोडायची नाही. नाटक नाही झालं तर नाही झालं. खुर्चीतून मी उठत नव्हती.

तुझा बाप ओसरीत उभा राहिला. चप्पल घातली, काढली, परत घातली. मंग तुझ्या मायले म्हणते, "नंबर आहे का कोणाजवळ?" तिनं कागद न पाहता धडाधडा सांगितला. तिच्याकडे त्यानं असं पाहिलं, आणि मोबाईल उचलला.

मोबाईलले आपल्याकडे टावर कुठं भेटते ते तुले माहीत आहे. यंदा चुरणं, धानाची मळणी, उशिरा आहे, धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं घराएवढं रचलं आहे, तो त्याच्यावर चढला. खाली मी दारात, आतमध्ये खुशबू कॉम्प्युटरपाशी. तू विचारलं की तो वरून ओरडे, मी आतमध्ये ओरडू, खुशबू वाचे, मी परत वर ओरडू. पुंजण्याखाली अर्धा मोहल्ला जमा झाला. केशोराव विचारते, "पार्वताबाई, कोणी पडलं काय?" मी म्हटली, "नाही, लेक बोलून राहिली."

त्याचा पहिला शब्द तू ऐकला. "हॅलो, तो कॉम्प्युटर बंद पडून राहिला." ना नाव, ना जयभीम. पण हे म्हणायच्या आधी त्यानं खांद्यावरचा दुपट्टा नीट केला, जसं तू समोरच उभी आहे. हे तुले सांगायचं होतं.

मंग तू म्हटलं ते त्यानं जसंच्या तसं खाली सांगितलं. पहरा बंद करू नका. चुन्नीलालच्या दुकानात नाटकाच्या फाईलमध्ये चोर येऊन बसला आहे. त्याच्याकडे उघडते, कारण त्याचे कॉम्प्युटर जुने आहेत, तिथं रेघ पाहणारं कोणी नाही, चोर खुशाल येते जाते. इथं त्यानं जास्तीचं ओतलं, रेघ मोडली, म्हणून आपल्या कॉम्प्युटरनं पुढं पाऊल टाकलं नाही. पहरा काढला असता तर नाटकही गेलं असतं आणि बाकीचं सारं. घरात पहिलं टाईप केलेलं आहे तसंच आहे, त्याच्या बांधीत. चुन्नीलालच्या हातात चहा होता. तो म्हणे, "मेरे पास तो सबकी शादी की पत्रिकाएँ पड़ी हैं," आणि कप तसाच ठेवून गाडीले किक मारली.

मले वाटलं आता झालं, उतरते खाली. तेव्हा तू त्याले विचारलं असेल, नाटक कशाचं आहे बाबा. कारण तो पुंजण्यावर बसला. पाय लांब केले, आणि सांगत बसला. पहिला अंक, दुसरा अंक, नटांचे आवाज काढून. लोक कंटाळून गेले. खुशबू गेली. मी दारात तांदूळ निवडत होती, मी काही ऐकत नव्हती.

तिसऱ्या अंकात मुलगी गाडीत बसून जाते आणि बाप स्टेशनवर येत नाही, घरीच उभा राहून मोठं कडक भाषण देते. ते भाषण मले पाठ आहे, महिनाभर ओसरीत ऐकलं. काल फोनवर त्यानं ते सांगितलंच नाही. तिथं आला, थांबला, आणि म्हणाला, "मंग गाडी जाते." पुढं म्हणते, "बॅटरी संपून राहिली, ठेवतो."

उतरायच्या आधी वरूनच म्हणते, डोळ्यात भुसा गेला. आणि हातातला मोबाईल वाजला. बिसरामचा फोन. चांगली वाजली बॅटरी.

आज सकाळी खुशबूले त्यानं सांगितलं, ते भाषण काढून टाक.

तुझी आजी


बोदलकसा
११ फेब्रुवारी २००७

रचना बेटा,

नाटक झालं. तुले सुट्टी भेटली नाही हे तू कळवलंच होतं, त्यानंही ते दोनदा वाचलं. पत्र मी मुद्दाम फळीवर उघडं ठेवलं होतं. आता तो तुले 'रचना' म्हणते, पण तू ऐकत नाही तेव्हाच. फोनवर अजून 'हॅलो' हेच तुझं नाव आहे.

भाषणाच्या जागी त्यानं काय केलं ते सांगते. गाडी सुटल्यावर बाप येते, उशिरा, आणि रिकाम्या फलाटावर उभा राहते. बोलत काहीच नाही. केशोराव झाला होता बाप, त्याले बिनबोलण्याचं काम दिलं म्हणून तो पहिले रुसला होता. पण बायकांच्या बाजूले सगळ्यांची नाकं वाहून राहिली. निर्मलाबाई म्हणते, "तुझ्या खेमराजनं यंदा लिहिलंच कुठं काही?" मी म्हटली, "हेच तर लिहिलं."

चुन्नीलालचं बिचाऱ्याचं वाईट झालं. दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये तो चोर फिरला होता, आता चुन्नीलाल ते सारे पुसून परत भरून राहिला. तू फोनवर त्याले एवढा वेळ दिला, तो तुले दीदी म्हणते आता. वयानं तुझ्याहून मोठा आहे.

चुरणं झालं. रास लागली. रेघ यंदा मीच ओढली, कॉम्प्युटर काढला. चौकोनावर चौकोन. तुझा बाप म्हणते, "ही पेटी आहे का चूल?"

आता कामाचं. तू लिहिलं की सीडी पाठवून राहिली, ती टाकली की असली फाईल दारातूनच परत जाईल, चौकटही येणार नाही, कोणाले फोन करायची गरज नाही. तुझं काम चांगलं आहे पोरी, त्यात वाद नाही. पण ऐक.

तुझा बाप मागच्या आठवड्यात गोंदियाले गेला आणि कोणाची तरी पेन ड्राइव्ह घेऊन आला. मी विचारलं, हे कायले? म्हणते, "पाहतो, राखण करते का अजून." लावली. काहीच झालं नाही, चांगली होती. त्याचं तोंड एवढंसं झालं. परवा आमगावच्या कोण्या दुधरामची आणली. ती लावल्यावर चौकट आली, तर खुशबूच्या आधी तोच वाचून मोकळा झाला, आणि पायात चप्पल न घालता पुंजण्याच्या जागेकडे गेला. पुंजणं तर आता नाही. तर शिडी लावून गोठ्यावर चढला, या वयात. तुझ्याशी तेव्हा बोलला तो गोठ्यावरून बोलला, हे तुले त्यानं सांगितलं नसेल.

म्हणून ती सीडी टपालानं पाठवू नको. मी त्याले म्हटली, रचना सीडी पाठवून राहिली, मंग चौकट येणारच नाही. तो बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मंग म्हणते, "टपालात फुटते ती. कोणीतरी हातानं आणाले पाहिजे."

आणि संध्याकाळी बिसरामले विचारत होता, बंगलोरवरून येणाऱ्या माणसाले नागपूरहून तिरोड्याले कोणती गाडी सोयीची पडते, आणि ती फलाटावर किती वाजता लागते. जन्म गेला त्याचा या स्टेशनाजवळ, साऱ्या गाड्या पाठ आहेत. बिसरामनं सांगितलं, तर म्हणते, "परत सांग, मी उशिरा जायले नको."

तुझी आजी,
पार्वता